वीतभर पुढची दुर्बीण

जो हात जखमेवर पट्टी बांधतो, त्याच हाताने एखाद्या जिवाच्या वेदनेचा शेवट करावा आणि दोन्ही वेळी मनात करुणाच असावी, हे ज्याला साधले त्याला मी देवाचे माणूस म्हणतो. असे एक माणूस आमच्या ग्रानबू गावात राहते. इंगेगेर्द नोर्लिन तिचे नाव, वय एकसष्ट. तीस वर्षे ती उत्तरेकडच्या हेल्सिंगलंड प्रांताच्या या जंगलवाटांवरून गाडी हाकत घरोघरच्या म्हाताऱ्यांचे पाय धूत आली, औषधे भरवीत आली. आणि त्याच तीस वर्षांत दर शरदात, डाव्या हातात लांबलचक पट्टा, पट्ट्याच्या टोकाला आखूड पायांचा डॅशहंड कुत्रा आणि उजव्या हातात वडिलांची रायफल घेऊन ती जखमी जनावरांच्या मागावर जात आली. कुत्रे बदलले, सध्याच्याचे नाव कोट्टे. रायफल तीच राहिली.

मागावर जाणे म्हणजे काय, तेही ऐका. एल्क हे सांबराच्या कुळातले, पण घोड्याहून उंच जनावर. त्याची शिकार आम्ही सारा गाव मिळून करतो. एखादी गोळी हातभर चुकते, जनावर पडत नाही, वेदना अंगात घेऊन दाट झाडीत शिरते. मग ज्याची गोळी चुकली त्याला घास गिळवत नाही. माग काढणारा कुत्रा दोन तासांत पोचेल अशी सोय असल्याशिवाय बंदुकीला हात लावायचा नाही, असा इथला कायदा आहे, आणि कायदा नसता तरी माणुसकी आहेच. आमच्या टोळीची ती सोय म्हणजे इंगेगेर्द. कोट्टे रक्ताचा थेंब हुंगत पुढे, ती मागे. जनावर दहा पावलांवर दिसले की एक गोळी. एकच, आणि नेमकी. दयेला दुसरी संधी मागण्याचा हक्क नाही, असे ती म्हणे.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात मात्र घात झाला. एक जखमी मादी दहा पावलांवर उभी होती. इंगेगेर्दने रायफल खांद्याला लावली, तिच्यावर बसवलेल्या दुर्बिणीला डोळा लावला आणि काचभर नुसते तपकिरी केस दिसले. खांदा कुठला, मांडी कुठली, काही उमजेना. अंदाजाने चाप ओढणे तिच्या धर्मात बसत नव्हते. तिने डोळा काढला तोवर मादी झाडांत नाहीशी झाली होती. सापडली ती तिसऱ्या दिवशी, ओढ्याकाठी, थंड पडलेली. त्या रविवारी इंगेगेर्द चर्चच्या शेवटच्या बाकावर बसली. सगळे गात होते, ती गायली नाही.

या ऑगस्टच्या अखेरीस आमच्या टोळीचा म्होरक्या एव्हर्ट हॉगलुंड तिच्याकडे कॉफीला आला. सत्तरीचा, दाराच्या चौकटीत मावणार नाही असा धिप्पाड गडी. यंदाच्या नावांची यादी त्याच्या खिशात होती.

"माझं नाव लिहू नकोस," इंगेगेर्द म्हणाली.

"अगं, एका मादीसाठी?"

"दोन दिवस तडफडली ती, एव्हर्ट. माझ्यामुळे."

"डोळे म्हातारे झालेत तुझे, दुसरं काय! मोठी दुर्बीण घे. सोळा पट मोठं दाखवते. पलीकडच्या गावातली माशीसुद्धा दिसेल."

"मला माशी मारायची नाहीये. मला खांदा दिसायला हवाय."

"मग चष्मा बदल."

"चष्मा तू बदल आधी. परवा माझ्या मेंढीला हात केलास रस्त्यावरून."

एव्हर्टने दालचिनीचा पाव अख्खाच तोंडात कोंबला.

"शनिवारी रुरिककडे जातेय," ती म्हणाली. "मला दिसेल अशी काच त्याच्याकडे मिळाली, तर नाव लिही. नाही मिळाली, तर कोट्टेचा पट्टा कायमचा खुंटीला."

"आणि मग आम्ही काय करायचं? दुसरा कुत्रा तीन तासांवर आहे!"

"मासे धरा."

शनिवारी गाडी एव्हर्टनेच चालवली, कारण एवढा मोठा निर्णय आपल्याविना व्हावा हे त्याला सोसणारे नव्हते. रुरिक हा बंदुका दुरुस्त करणारा कारागीर, जुन्या गोठ्यात त्याची कार्यशाळा. बोलायला बेताचा, ऐकायला फार चांगला. त्याने तिची सगळी हकीकत ऐकली, रायफलीचा बोल्ट, ज्याच्याविना गोळी सुटत नाही, काढून टेबलावर ठेवला आणि रिकामी रायफल तिच्या हाती दिली.

"नेम धरू नकोस. जंगलात चालतेस तशी चाल."

इंगेगेर्द चालू लागली. डावा हात पट्टा धरल्यासारखा पुढे आणि उजवी मूठ रायफलीच्या मध्यावर, जिथे तिचे वजन तोलले जाते तिथे. पण मूठ मिटेना. नेमकी तिथेच दुर्बीण बसली होती, आणि बोटे तिच्याखालून चाचपडत होती. त्याच जागी लाकूड झिजून गुळगुळीत झाले होते. तिच्या वडिलांच्या तळव्याने चाळीस वर्षांत ते घासले होते.

"तुझ्या वडिलांच्या वेळी दुर्बीण नव्हती, त्यांना धरायला जागा होती," रुरिक म्हणाला. "तुला नाही. पहिली चूक ती."

मग त्याने तीन दुर्बिणी काढल्या. एक एव्हर्टची लाडकी, सोळा पटीची. दुसरी लहान, पण नेहमीच्याच जागी बसणारी, जिला डोळ्यापासून चार बोटांवर ठेवावे लागते. तिसरी अगदी साधी, जेमतेम दोन पटीची. ती नळीवर पुढे बसते, डोळ्यापासून चांगली वीतभर लांब, आणि तिथूनही काचेत पूर्ण चित्र दाखवते.

"ही?" एव्हर्ट हसला. "दोन पट? दोन पट तर मी कॉफी प्यायल्यावर असाच बघतो."

कार्यशाळेमागच्या दाट झाडीत रुरिकने लाकडी घोडीवर तपकिरी घोंगडी टाकून ठेवली होती, आणि घोंगडीवर, एल्कचा खांदा असतो तिथे, एक पांढरे बटण शिवले होते. बोल्ट टेबलावरच राहिला. इंगेगेर्दने दहा पावलांवरून सोळा पटीची दुर्बीण डोळ्याला लावली.

"काय दिसतंय?"

"लोकर."

"पण लोकर बघ किती स्पष्ट!" एव्हर्ट म्हणाला.

दुसरी लावली. बटण सापडले, पण तिने मनात सातपर्यंत मोजल्यावर. एक डोळा मिटून, काळ्या कड्यातून चाचपडत. जखमी जनावर सातपर्यंत थांबत नाही.

रुरिकने तिसरी नळीवर बसवली. "दोन्ही डोळे उघडे ठेव. काचेकडे बघू नकोस. घोंगडीकडे बघ आणि रायफल वर येऊ दे."

रायफल वर आली. देवाने दोन डोळे दिले, आणि तीस वर्षे ती त्यातला एक मिटून दयेचे काम करीत आली होती. आज दोन्ही उघडे होते. समोर घोंगडी, घोंगडीवर बटण, भोवती सारी झाडी, फांदी न् फांदी. आणि उजवीकडे...

"रुरिक, तिथे तुझी बायको आहे."

झुडपांमागून बेरित उभी राहिली, हातात लाल बेरींची टोपली. "अर्धा तास आहे मी इथे! मला वाटलं, तुम्ही लोक बघण्याचंच काम करताय."

एव्हर्टने टोपी काढली, डोके खाजवले, पुन्हा घातली. बोल्ट टेबलावर होता, धोका नव्हता, तरीही आधीच्या दोन्ही काचांत जे माणूस तिला दिसले नव्हते, त्याच्याकडे तो बराच वेळ पाहत राहिला.

"हिच्यात एक खोट आहे," रुरिक म्हणाला. "लपवणार नाही. काच चेहऱ्यापासून लांब, त्यामुळे मधे उघडी जागा राहते. सूर्य खाली असला आणि तुझ्या पाठीवरून आला, तर काचेत नुसतं ऊन भरतं. काही म्हणजे काही दिसत नाही."

"ऑक्टोबरात आपल्याकडे सूर्य खालीच असतो की!" एव्हर्ट लगेच म्हणाला.

इंगेगेर्दने रायफल खाली घेतली. तिची उजवी मूठ आपसूक मध्यावर गेली आणि झिजलेल्या लाकडावर मिटली. जागा मोकळी होती.

"सगळीकडून दिसेल अशी काच कोणी घडवलेली नाही," ती म्हणाली. "माझी आंधळी बाजू मला माहीत असली म्हणजे झालं. हीच बसव."

सप्टेंबरभर ती नेमबाजीच्या मैदानावर गेली, रुळांवरून धावणाऱ्या लाकडी एल्कसमोर रोज वीस गोळ्या. रायफल वर येई, डोळे उघडे राहत, छिद्रे खांद्यावर पडत. एव्हर्टने तिचे नाव यादीत लिहिले, पण पेन्सिलीने.

ऑक्टोबरातल्या तिसऱ्या मंगळवारी सकाळी आठला तिचा फोन वाजला.

"इंगेगेर्द... मी बोलतोय."

"एव्हर्ट? कुणाची गोळी चुकली?"

"माझीच. खांद्याच्या मागे लागली. पोटात, बहुतेक."

तिने टोमणा मारला नाही. "माग तुडवू नका. निघाले मी."

कोट्टेने नाक जमिनीला लावले आणि ते निघाले. पुढे कुत्रा, मग ती, आणि नियमाप्रमाणे सोबतीला एव्हर्ट. पानावर एक थेंब, मग शेवाळावर एक, मग बराच वेळ काहीच नाही, आणि पुन्हा एक. कोट्टे फांद्यांखालून सरळ जाई, मागची दोन माणसे वाकून, रांगून. असा तास गेला.

झाडी संपली तिथे तोडलेल्या जंगलाचे मोकळे मैदान होते. कोट्टे थबकला, पट्टा ताणला गेला. पंधरा पावलांवर नर एल्क बसला होता. मान वर, श्वासाची वाफ जड. तो आता उठेल, उठला तर पुन्हा दिवसभर तडफडेल, हे तिला दिसत होते. तिने पट्टा बुटाखाली दाबला आणि रायफल वर घेतली.

काच पांढरी झाली. ऑक्टोबरातला खालचा सूर्य बरोबर तिच्या पाठीवर होता. खांदा नाही, जनावर नाही, काचभर केवळ ऊन. गेल्या वर्षी असेच काचभर केस दिसले होते, आणि मादी निसटली होती.

पण या वेळी दुसरा डोळा उघडा होता. एल्कने पुढचे पाय जमिनीत रोवलेले त्या डोळ्याला दिसत होते. तिने रायफल हलवली नाही. हळूच, ओठांतल्या ओठांत म्हणाली, "एव्हर्ट. माझ्या डाव्या खांद्यामागे ये. अगदी मागे."

"काय करू?"

"उभा राहा. जेवढा आहेस तेवढा."

एव्हर्ट उभा राहिला. एकदा उजवीकडे सरकला, छाती रुंद केली, टोपी डोक्यावर उंच केली. आणि त्या माणसाची थोर, गार, धिप्पाड सावली तिच्या खांद्यावरून वाहत आली आणि काचेवर पसरली. ऊन विरले. काचेत खांदा उभा राहिला, बटणाइतका स्वच्छ.

एकच गोळी. एल्कची मान हळूच खाली आली, जणू कोणीतरी हाताने टेकवली.

दोघे उभे राहिले. एव्हर्टने टोपी छातीशी धरली. त्याच्या चुकीतून निघालेली वेदना त्याच्याच सावलीत निवाली होती, आणि ही कृपा कोणाची ते आम्हां देवभोळ्यांना विचारू नका, उत्तर फार लांबेल. कोट्टे तेवढा बेफिकीर, एल्कच्या पाठीवर चढून भुंकत होता, जणू सगळे त्यानेच केले.

"चाळीस वर्षं ओरडतेय मी तुला," इंगेगेर्द शेवटी म्हणाली, "की माझ्या उजेडात उभा राहू नकोस."

"आज बरोबर उभा राहिलो ना?"

"आज बरोबर." आणि तिने त्याच्या बाहीला हात पुसावा तसा हात लावला. आमच्याकडे याला मिठीच समजतात.

आठवड्याने रुरिकने तिच्या काचेमागे लावायला चामड्याची एक छोटी आडोशाची नळी करून पाठवली. ती तिने लावलेली नाही, खिशात ठेवली आहे. शिकारीच्या झोपडीत भिंतीवर यंदाची यादी टांगली आहे. इंगेगेर्द नोर्लिन, माग, हे आता शाईने लिहिलेले आहे. त्याखाली म्होरक्याचे नाव. त्याच्यासमोरचे 'नेमबाज' कोणीतरी खोडले आहे, आणि शेजारी एव्हर्टच्याच मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिले आहे: सावली.