भिंगोजी आणि भुयाराचा नकाशा

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे भिंगोजी म्हणतात. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासण्यात त्याची हयात गेली, आणि घरी आल्यावरही डोळ्याला भिंग असतंच. फक्त तेव्हा समोर चष्म्याची काच नसते, जुन्या घरगुती कॉम्प्युटरचा एखादा खेळ असतो. टीव्हीला जोडून, कॅसेट लावून खेळायचे ते. असे चारशेच्या वर खेळ त्याने जमवलेत. वहिनीच्या वाट्याला कपाटाचे दोन खण उरलेत, तेही ती राखून आहे म्हणून.

लांबलांबून लोक त्याला किंमत विचारायला येतात. हा बाबा आधी खोकं नाकाशी धरून वास घेतो, ओल लागलीय का बघायला. मग कोपरे, मग उन्हाने उडालेला रंग, मग माहितीपुस्तिकेच्या पिना गंजल्यात का ते. शेवटी कॅसेट लावतो, आणि पाच मिनिटं घरभर अशी किंचाळी घुमते की शेजारीण अजूनही धावत येते, कुणाला काही झालं का म्हणून. काही नाही हो, खेळ लोड होतोय! समोरचा कितीही हातापाया पडो, भिंगोजीने एकदा किंमत सांगितली की सांगितली. माझ्या होणाऱ्या नवऱ्याला पहिल्यांदा भेटून आला तेव्हा मला म्हणाला, "ताई, कोपरे झिजलेत, पण आतून पूर्ण आहे." नवऱ्याने ते अजून मनात धरलंय.

हे सगळं मी हसून सोडून देते. एक गोष्ट मात्र पस्तीस वर्षं डाचतेय. भुयाराचा खेळ! तो म्हणे भिंगोजीने अकराव्या वर्षी संपवला. अख्ख्या गोतावळ्यात त्याचे गोडवे गायले जातात. खोटं, साफ खोटं! तो मी संपवला. मी चौदा वर्षांची होते, परीक्षा तोंडावर आलेली, आणि मी गणिताच्या वहीची चौकटीची पानं फाडून चौऱ्याऐंशी खोल्यांचा नकाशा काढत होते. भिंगोजीचं काम काय, तर कॅसेट मागे-पुढे करायची आणि दारावर लक्ष ठेवायचं. तेही धड जमलं नाही त्याला. बाबा आत आले तेव्हा पडद्यावर अभिनंदनाची अक्षरं नाचत होती.

"कुणाचे हे उद्योग?" बाबा गरजले.

"माझे," भिंगोजी म्हणाला, आणि माझ्या वाटचे दोन रट्टे त्याने खाल्ले.

उपकार मान्य! पण रट्टे दोन आणि शाबासकी पस्तीस वर्षं? हा कुठला न्याय? मला तो खेळ नको होता, त्याचे पैसे नको होते. एकदाच, चार माणसांत, त्याने म्हणावं की खेळ ताईने संपवला. बास.

परवाच्या रविवारी वहिनीचे पडदे शिवून झाले म्हणून द्यायला गेले, तर बाहेरच्या खोलीत दातांचे डॉक्टर बसलेले. तेही याच रोगातले. नवीन खेळ घरात यायचा असेल तर जुना बाहेर गेला पाहिजे असं वहिनीने बजावल्यामुळे नेमका भुयाराचा खेळ विकायला निघाला होता. डॉक्टरांनी पातळ हातमोजे चढवून खोकं उघडलं, अगदी पेशंटला आ करायला लावावं तसं, आणि पुस्तिकेतून माझी चौकटीची पानं बाहेर आली.

"सुट्या कागदावर पेन्सिलीने लिहिलंय," भिंगोजी घाईघाईने म्हणाला. "पुस्तिका कोरी आहे. किंमत कमी करायचं कारण नाही."

"कमी?" डॉक्टरांचा आवाज चिरकला. "अहो, खालच्या मजल्याचा पूर्ण नकाशा मी जन्मात पाहिला नाही! यासकट दुप्पट देतो. तुम्ही काढलात?"

"लहानपणी," भिंगोजी म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता भिंग पुसायला लागला.

चोर मेला! माझ्या डोक्यात सणक गेली.

"मग या खोलीत मासा का काढलाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मासा... म्हणजे... पाणी असणार तिथे."

"पाणी नाही हो तिथे. मी त्याच खोलीत दहा वर्षं अडकलोय."

आता मात्र माझ्याच्याने राहवेना. "मासा म्हणजे गप्प उभं राहायचं," मी म्हणाले. "वीस मोजेपर्यंत एकही बटण दाबायचं नाही. मग डावीकडची भिंत सरकते."

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात थबकली. भिंगोजीचे कान लाल झाले. आता हा काहीतरी थाप ठोकणार, म्हणून मी भांडायच्या तयारीत उभी राहिले.

"हिने काढलाय," तो म्हणाला. "सगळा. खेळही हिनेच संपवला. मी नुसती कॅसेट मागे घ्यायचो." मग वहिनीकडे वळून म्हणाला, "तुलासुद्धा इतकी वर्षं खोटंच सांगितलं मी."

याच वाक्यासाठी मी एवढी वर्षं जीव टाकत होते, आणि ते आलं तेव्हा मला त्याची इतकी दया आली म्हणून सांगू! पन्नाशीकडे झुकलेला माणूस, मान खाली घालून बसलेला.

"कुणीही काढलेला असो," डॉक्टर म्हणाले, "मी बोललोय ते देणारच."

भिंगोजीने पानं स्वतःकडे ओढून घेतली. "खेळ न्या. नकाशा विकायचा नाही."

"मग निम्मेच मिळतील."

"चालेल."

चालेल? हा म्हणतो चालेल? "अरे वेड्या, देऊन टाक की," मी ओरडलेच. "चौदा वर्षांच्या पोरीच्या रेघोट्या त्या! कोण विचारतंय त्यांना?"

"तू मध्ये पडू नकोस, ताई," तो पानांच्या घड्या सरळ करत म्हणाला. "तुला किमतीतलं काही कळत नाही."

यावर सणसणीत उत्तर होतं माझ्याकडे, पण रडू आधी आलं.