कंपनी विकणार म्हणे

उमरग्यात हायवेच्या अलीकडं, दवाखान्यांच्या ओळीत आमचं टीव्हीच्या छत्र्यांचं दुकान आहे. लोकांच्या घरांवर चढून छत्री बसवायची, तिची दिशा लावायची, बिघडली तर नीट करायची, हे काम आमच्या ह्यांचं. काउंटरवर बसून रिचार्ज मारायचं काम माझं.

एका सकाळी शेजारचे मेडिकलवाले मोबाईल हातात धरूनच आत आले. आमच्या छत्रीच्या कंपनीला एक टेलिफोन कंपनी विकत घेणार, बोलणी चालू आहेत, अशी बातमी होती. ह्यांनी ती वाचली, मोबाईल परत दिला आणि ड्रिल मशीन पिशवीत भरून निघून गेले. त्या दिवशी ड्रिलचं काम कुणाकडंच नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

ह्यांच्या जिवाला घोर लागला त्याचं कारण घरातलं होतं. त्या टेलिफोन कंपनीची उमरग्यातली एजन्सी आमच्या धाकट्या भावजींकडं आहे. समोरच्याच बाजूला, थोडं पुढं त्यांचं दुकान. सिमकार्ड विकतात, घरोघरी वायर टाकून इंटरनेट देतात. आधी ते आमच्याच दुकानात होते. छत्री कशी धरायची, सिग्नल कसा शोधायचा, सगळं ह्यांनीच त्यांना शिकवलं. मग एक दिवस ते म्हणाले, ‘दादा, छत्रीचे दिवस संपले, आता लोक वायरवरच टीव्ही बघणार.’ बोलले ते खोटं नव्हतं, पण भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर बोलले. ते ह्यांना लागलं. तेव्हापासून दोन दुकानं झाली आणि बोलणं सणावारापुरतं उरलं.

आता बातमी सगळीकडं झाली, तसं चहाच्या गाड्यावर लोक म्हणू लागले, थोरला आता धाकट्याच्या हाताखाली जाणार. बोलणारे हसण्यावारी बोलत होते, पण ते फिरून आमच्यापर्यंत यायचंच.

ह्यांनी सोलापूरच्या डीलरला फोन लावला. तो म्हणाला, वरून काहीच कळवलं नाही, तुम्ही काम चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी परत लावला. नंतर नंतर तो उचलेना. जेवताना हे एका हातानं मोबाईलवर बातम्या सरकवायचे आणि अर्ध्या ताटावरून उठायचे. एकदा दुपारी घरी आले, शिडी लावून वर चढले आणि आमचीच चांगली चालणारी छत्री सोडून परत बसवली. मी विचारलं, काय झालं होतं तिला? ‘कुठं काय,’ म्हणाले.

दुकानात लोक यायचे ते हेच विचारत. टीव्ही बंद पडणार का, टीव्हीला जोडलेला छत्रीचा डबा बदलावा लागणार का, भरलेलं रिचार्ज बुडणार का. कर्नाटकच्या शिवेवरच्या एका खेड्यातून एक आज्जी आल्या. घरात कानडी बोलणाऱ्या. त्यांची लेक पलीकडं कर्नाटकात दिलेली. दोघी संध्याकाळी आपापल्या घरात एकच कानडी मालिका बघायच्या आणि ती संपली की फोनवर त्यावरच बोलत बसायच्या. एवढ्यासाठी त्या जीपनं आल्या होत्या. खुर्चीवर टेकून त्यांनी विचारलं, “कंपनी विकली तर कन्नड चॅनल ऱ्हाईल का गं बाई?”

मी म्हणाले, राहील. त्या पाणी पिऊन समाधानानं गेल्या. मग मलाच स्टुलावर बसवेना. कशाच्या जोरावर सांगितलं मी त्यांना? दुकान उघडून बसायचं, लोकांना धीर द्यायचा, आणि आपल्यालाच उद्याचं काही माहीत नाही. घरात एक माणूस कोंबडीसारखा आत-बाहेर करतोय आणि त्याच्या भावाचं दुकान इथून दिसतंय. मी शटर अर्धं ओढलं आणि ह्यांना न सांगता भावजींकडं गेले.

मला बघून ते खुर्चीतून उठले. चहा मागवला. मी सरळच विचारलं, भावजी, तुमची कंपनी आमची कंपनी घेणार असेल तर आमचं काय करणार ते सांगा. मला वाटलं होतं, ते थोडं मोठेपणानं बोलतील. पण त्यांचाच चेहरा उतरलेला होता. डोळ्यांखाली काळं आलेलं.

“वहिनी, मलाच लई दिवस झोप न्हाय,” ते म्हणाले. त्यांच्या कंपनीचा माणूस येऊन गेला होता. तो म्हणाला होता, सौदा झाला तर खेड्यांतलं काम छत्रीवाल्यांना जाईल, कारण गावोगाव घरात शिरलेले तेच आहेत. “मी उमरग्याच्या भाईर कुठं गेलोय? दादांना सगळी खेडी वळखतात. एजन्सी दादांकडंच जाणार.”

“मग दादांच्या हाताखाली काम कराल की,” मी म्हणाले.

“मी करंन वो. पण दादा घेतील का मला?”

चहा तसाच ठेवून मी परत आले.

संध्याकाळी हे आल्यावर मी सगळं सांगितलं. न सांगता गेले म्हणून चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत. “असं म्हनला?” एवढंच विचारलं, आणि थोड्या वेळानं परत तेच विचारलं. पण भावाकडं गेले नाहीत. पुढचे काही दिवस दुकानाच्या पायरीवर उभं राहून तिकडं बघायचे आणि आत यायचे.

मग बातमी आली, बोलणी फिसकटली. कंपनी कुणी विकत घेणार नव्हतं. मेडिकलवाले म्हणाले, सुटलात. मलाही वाटलं, आता घरात शांतता होईल. पण हे उलट जास्तच बेचैन झाले. बसल्या जागी पाय हलवत राहिले. “म्हंजे आपण व्हतो तिथंच,” म्हणाले. त्याच आठवड्यात बँक कॉलनीतल्या घरांतून डबे परत आले. त्या लोकांनी वायर घेतली होती. सौदा होवो न होवो, ते थांबणार नव्हतं, आणि ह्यांनाही ते दिसत होतं.

एक दिवस डबे कोपऱ्यात ठेवून ते पायरी उतरले आणि भावाच्या दुकानात गेले. मी स्टुलावरून बघत होते. गिऱ्हाईक होतं तोवर बाहेरच उभे राहिले. आत काय बोलणं झालं ते भावजींनी मला नंतर सांगितलं. हे म्हणाले होते, “ते वायर जोडायचं मशीन मला दाखव जरा.” बाकी मागचं-पुढचं काहीच नाही.

भावजी मशीन घेऊन आमच्याच दुकानात आले. केसासारखी बारीक काचेची तार असते, तिची दोन टोकं त्यात धरून जोडायची. ह्यांचे हात छत्र्यांचे नट आवळणारे. तार तुटायची, परत सोलायची, परत तुटायची. हे स्वतःवरच वैतागत होते.

“दादा, हात हलवू नका,” भावजी हळूच म्हणाले.

“हलतोय त्याला काय करू?” हे म्हणाले, आणि पुढची तार हातात घेतली.