बिल्कुलकर कोणाचे?

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला तेव्हा मी मेट्रोत होतो. 'श्री. प्रभाकर ढवळे यांचे आज सकाळी हृदयविकाराने निधन.' खाली कोणीतरी विचारलं, 'हे कोण?' दुसऱ्याने लिहिलं, 'अहो, आपले भाऊ बिल्कुलकर!' आदल्या संध्याकाळी ते माझ्याशी फोनवर बोलले होते. "यंदा गणपतीत भाऊ करणारच. आणि पत्रिकेवर या वेळी माझं नाव छापा," असं म्हणाले होते.

भाऊ बिल्कुलकर हे पात्र ढवळ्यांनी दिल्लीतल्या मराठी गणेशोत्सवात उभं केलं. माकडटोपी घातलेला सरकारी बाबू. कोणी काहीही मागितलं की तो 'बिल्कुल!' म्हणतो आणि जागचा हलत नाही. आर. के. पुरमच्या मांडवात निम्मे प्रेक्षक बाबूच असायचे, आणि सगळ्यात मोठ्याने तेच हसायचे. ढवळे स्वतः एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. पत्रिकेवर ना त्यांचं नाव असायचं, ना फोटो. "ऑफिसकडून नाटकाची रीतसर परवानगी काढा ना," मी एकदा सुचवलं. "अर्ज केला की फाइल होते, यार. फाइल झाली की माणूस संपतो." ओळखीच्या सगळ्यांनी हे गुपित इमानाने पाळलं. निवृत्त होऊन ते मयूर विहारला राहायला गेले, तरी पत्रिकेवर नुसतं 'भाऊ बिल्कुलकर' एवढंच छापलं जात राहिलं.

मग कोणीतरी मोबाइलवर चित्रित केलेला एक प्रवेश सगळीकडे फिरला. काही महिन्यांनी नोएडातल्या फ्लॅटच्या जाहिरातीत तीच माकडटोपी दिसली, तोच 'बिल्कुल!' ऐकू आला. ढवळ्यांनी जाहिरात कंपनीला फोन केला. उत्तरादाखल नोटीस आली: 'बिल्कुलकर' हा आमचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे, तुम्ही तो वापरू नये. त्यांनी ती मला वाचून दाखवली तेव्हा त्यांचा आवाज इतका शांत होता की मला भीती वाटली.

वकील म्हणाले, "नोंदणी त्यांची असली तरी आधीचा वापर तुमचा असेल, तर कायदा तुम्हाला साथ देऊ शकतो. फक्त ते भाऊ तुम्हीच होतात, हे दाखवा." ढवळे बाहेर येऊन म्हणाले, "जन्मभर तेवढंच तर दाखवलं नाही."

दावा दाखल झाला. मंडळाच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांकडे प्रतिज्ञापत्रं मागितली. "बिल्कुल, भाऊ!" सगळे एका सुरात ओरडले. हशा झाला, ढवळेही हसले. नंतर प्रतिज्ञापत्र द्यायला मी गेलो आणि मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या. बाकीच्यांच्या मनात आकस नव्हता. कोणाचे गुडघे दुखत होते, कोणाकडे पाहुणे होते, कोणाला कोर्टाची धास्ती होती... ढवळे शेवटपर्यंत त्यांची बाजू घेत राहिले. "माझंच पात्र आहे हो ते. मीच शिकवलंय त्यांना."

शोकसभेत मागच्या फलकावर फक्त प्रभाकर ढवळे हे नाव होतं. दावा चालू आहे, उगाच अडचण नको, म्हणून बिल्कुलकरांचं नाव लिहिलं नाही, असं चिटणीसांनी मला हळूच सांगितलं. दारातून दोघेजण आत डोकावले, फलक वाचला आणि चुकीच्या सभागृहात आलो असं समजून परत वळले. त्यांना मी आत बोलावून घेतलं. मग सुनंदावहिनी उठल्या. त्यांनी पिशवीतून माकडटोपी काढली आणि नवऱ्याच्या फोटोशेजारी ठेवली. भाषणं करायला आलेल्यांनी भाषणं केली नाहीत.

परवा मयूर विहारला गेलो होतो. टोपी दारामागच्या खुंटीवर आहे, धुतलेली नाही. आतल्या लोकरीवर घामाचे आणि रंगाचे डाग तसेच आहेत. दाव्यात आता वहिनींचं नाव लागणार आहे. चहा ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "तारखेला याल ना?"

तो शब्द अगदी ओठांवर आला होता. मी म्हणालो, "तुम्हाला घ्यायलाच येतो."