प्रचाराच्या पाकिटाला हळदीकुंकू

"कोन्ही लायं रे हाई हयद-कुकू? समोर ये! त्यानाच कपाळले लावसू मी!"

सुरतच्या नवागामात यंत्रमागांची खडखड एवढी की शेजारच्या खुर्चीवरचा माणूस काय म्हणतो ते त्याच्या ओठांवरून ओळखावं लागतं. या बाईचा आवाज मात्र डिंडोलीच्या पुलापलीकडे गेला असणार. ती आमच्या प्रचार कार्यालयाच्या दारात उभी होती आणि हातातलं पाकीट झेंड्यासारखं हलवत होती. पाकिटाच्या चारही कोपऱ्यांना हळदीकुंकू होतं. आतलं पत्र माझं होतं.

महापालिकेची निवडणूक होती. आमचा उमेदवार खानदेशी, समोरचाही खानदेशी, आणि दोघांच्या जाहीरनाम्यातली गटारं अगदी एकसारखी. पक्के मतदार कुठे जाणार ते आधीच ठरलेलं होतं. लढाई होती काठावरच्यांसाठी, म्हणजे सकाळी आमचा नाश्ता आणि संध्याकाळी त्यांचा वडापाव खाणाऱ्यांसाठी. त्यांना पत्रं लिहायला मला बोलावलं. बँकेत असताना कर्ज नाकारल्याची पत्रं मी अशी लिहायचो की माणूस ती वाचून आभार मानायला यायचा. इथेही तसंच. एक कारागीर माझं पत्र मागावरच वाचत बसला आणि असा रडला की खालचं कापड भिजलं, शेठने अख्खा तागा डॅमेजमध्ये काढला. खोटं वाटत असेल तर शेठला विचारा, फक्त माझं नाव सांगू नका.

पण पत्र वाचलं जाण्याआधी उघडलं जावं लागतं, आणि लोक पाकिटावरचं चिन्ह बघूनच ते भंगारात टाकत होते. कार्यालय उमेदवाराचे साडू सांभाळायचे. डोकं त्यांनी चालवलं.

"लग्नसराई आहे. पत्रिका कोणी फेकतं का? पाकिटावर चिन्ह नको, आपलं नाव नको. हाताने त्यांचं नाव लिहा, कोपऱ्यांना हळदीकुंकू लावा. पाकीट सरळ देवापर्यंत जाईल."

गेलंही. प्रचाराला आलेल्या बायकांची बोटं आठवडाभर पिवळी होती. चार वाड्यांत नवरीला लावायला हळद उरली नाही म्हणे.

आता ही बाई. ती घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायची. माहेर नंदुरबारच्या पुढे. वडील गेल्यावर भावाने जमिनीच्या हक्कसोडीचा कागद पुढे केला, बहिणीने आपला वाटा सोडला अशी सही कर म्हणून. हिने केली नाही. तेव्हापासून भाऊ बोलायचा बंद झाला, हिचा फोनही घेईना. यंदा त्याच्या मुलीचं लग्न होतं. तारीख हिला गावच्या बायकांकडून कळलेली, पण सख्ख्या आत्याला पत्रिका नाही. रोज दारात बसून ती वाट बघायची.

आणि एक दिवस दाराच्या फटीतून पाकीट आत आलं. हळदीकुंकू लावलेलं, वर हिचंच नाव, पाठवणाऱ्याचं नाही. हिने मनाशी ठरवून टाकलं की भावाला नाव घालायची लाज वाटली असेल. वाचता तिला येत नव्हतं. पोरांना दाखवलं, तर त्यांनी वरचं नाव वाचून गुजरातीत "मम्मी, तारूंज नाम छे," म्हणत परत मोबाइलमध्ये तोंड घातलं. पाकीट न फोडता देवापुढे गेलं, तिथून पिशवीत. भाचीसाठी शालू घेतला आणि उधना स्टेशनवरून सकाळची गाडी धरली.

मांडवाच्या तोंडाशीच भावाने तिला अडवून येण्याचं कारण विचारलं, "कसाले उनी?"

हिने पाकीट पुढे केलं. त्याने ते तिथेच फाडलं आणि मोठ्याने वाचलं. माझं सगळ्यात झकास वाक्य होतं ते: 'ताई, तुमच्या एका निर्णयावर उद्याचं सुरत उभं आहे.' वऱ्हाडी इतके हसले की बँडवाल्यांना वाटलं नवरदेव आला, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. बँडचं मी माझ्या पदरचं घातलंय. हसण्याचं नाही. भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, हिनेच मतांच्या कागदाला कुंकू फासून आणलंय, वाटा मागायला आली आहे, खोटारडी.

हे सगळं आमच्या दारात सांगताना ती एकदाही रडली नाही. शेवटी आवाज खाली आला.

"माले काही नको. तुमच्यातल्या एकाने त्याला फोन करा. सांगा, हयद आम्ही लावली. त्याने माले बोलावलं नाही तरी चालेल, पण खोटारडी म्हणू नये."

साडूंनी तिला खुर्ची दिली, सोडा दिला, उमेदवाराचा फोटो असलेलं कॅलेंडर दिलं. मग मला बाजूला घेतलं.

"भावाचं मत कुठे?"

"गावी. नंदुरबारकडे."

"मग आपल्याला काय?"

"अहो, पण हळद आपण..."

"फोनवर कबूल करायचं आणि त्याने रेकॉर्ड केलं तर? समोरचे भोंग्यावर वाजवतील. तुम्ही लिहा साहेब, अजून अख्खी डिंडोली बाकी आहे."

मी लिहिलं नाही. तिच्याकडून भावाचा नंबर घेतला, तिला घेऊन मागच्या गल्लीत गेलो, माझ्या फोनवरून लावला. ती समोर उभी राहून माझ्या ओठांकडे बघत होती. भावाने उचलला. मग मी जो सुटलो! पाकीट, साडू, पिवळी बोटं, सगळं सांगितलं. ताईचा यात काडीचा दोष नाही, पत्रातला शब्दन् शब्द माझा आहे, म्हणालो. आत्या दाराशी येऊन परत गेली तर नव्या नवरीला काय वाटेल, असंही ऐकवलं. असं बोललो की साड्यांवर चिकटलेले खडे सुटून खाली पडावेत. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. ताईच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी यायला लागलं होतं.

"झालं तुमचं?" त्याने विचारलं.

"झालं. चूक आमची आहे. ताई खरं बोलत होती."

"ते समजलं," तो म्हणाला. "ती सही कधी करणार, तेवढं विचारून सांगा."