निळीची रेघ

शिरूरहून दौंडला आज निघालात तर पुलावरून आरामात पोचाल आणि वाटेत सांगण्यासारखं काही घडणार नाही. मी साठच्या दशकात गेलो तेव्हा मांडवगण फराट्यापर्यंत एसटी, तिथून पायी भीमेचा काठ, होडीनं पलीकडे आणि पुढे मिळेल ती बैलगाडी, असा दिवसभराचा कारभार होता. भाकरी बांधून न्या, हा सल्ला तेव्हा मला कुणी दिला नाही, म्हणून मी देतो.

जायचं कारण शमुवेल. शिरूरच्या मिशन कंपाउंडमधला, माझ्या वर्गातला. पाट्या रंगवायला त्याला मी शिकवलं आणि लंडनला गेला तो. मिशनच्या मडमेनं त्याच्या बोटीची सोय केली. मी बाजारपेठेत किराणा दुकानांची नावं रंगवत बसलो. आता तो महिनाभर दौंडच्या रेल्वे कॉलनीत भावाकडे आला होता, तिथल्या हॉलमध्ये चित्रं मांडणार होता. "बापू, नक्की ये," असं पत्र आलं. मी निघालो ते चित्रं वाईट आहेत याची खात्री करून घ्यायला.

होडीवाल्या आप्पांनी विचारलं, "दौंडला काय काढलं?"

"चित्रं बघायची आहेत. लंडनचा चित्रकार आहे, आणि एक इराणची बाई. ती पॅरिसला असते."

"इराणची? मंग च्या झकास करत आसंल."

मी पोट धरून हसलो. फार बरं वाटलं.

दौंडला पोचलो तेव्हा भुकेनं जीव चालला होता. स्टेशनबाहेर दोन आण्यांत गरम भजी मिळाली, ती उभ्यानंच खाल्ली आणि हॉलमध्ये शिरलो. शमुवेलनं मिठी मारली. त्याचे बूट पाहून माझा जीव पुन्हा जळला.

त्या इराणच्या बाईंची, परवीनबाईंची चित्रं आधी लागली. काळे, जाड फटकारे. अक्षरं वाटायची, पण वाचता येईनात. माझ्यासारख्या पाटीवाल्याला तो अपमानच वाटला. पुढे शमुवेलचं नवं चित्र होतं, दौंडलाच केलेलं. पुरुषभर उंचीचा पांढरा कॅनव्हास आणि त्यावर सात आडव्या निळ्या रेघा. बस्स. एक गार्डसाहेब बायकोला सांगत होते, "ह्ये आपलं यार्ड हाय. रूळ मोज."

मी मात्र जागीच थांबलो. ती माझी रेघ होती. सुतळीला कपड्यांची नीळ चोळायची, दोघांनी टोकं ताणून धरायची, मधोमध चिमटीत उचलून सोडायची. फटकन सरळ रेघ उमटते. तिच्यावर अक्षरं बसवायची आणि पाटी वाळली की नीळ पुसून टाकायची. शमुवेलनं अक्षरं काढलीच नव्हती. रेघाच ठेवल्या होत्या, आणि त्या सुंदर दिसत होत्या. हे मला का सुचलं नाही?

परवीनबाई इंग्रजीत काही बोलल्या. शमुवेलनं सांगितलं, "त्यांच्या आजोबांकडे लेखनिक होते. ते फळीवर दोरे ताणून त्यावर कागद दाबायचे, की ओळी उठायच्या. त्या विचारतायत, ते दोरीवाले बापू तुम्हीच का?"

म्हणजे यानं माझं नाव तिकडे सांगितलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. उलट वाटलं, याचं मनही माझ्यापेक्षा मोठं निघावं?

सगळे चहाला बाहेर गेले. मी खिशातलं फडकं कोपऱ्यातल्या पाण्याच्या माठात बुडवलं आणि एक रेघ अर्धी पुसली. तेवढ्यात पावलं वाजली. माझ्या हातात निळं फडकं तसंच होतं.

"अरे, सवय!" मी म्हणालो. "काम झालं की नीळ पुसायचीच."

शमुवेल खो खो हसला. "राहू दे तशीच. गुरूचा हात आहे." परवीनबाई हसल्या नाहीत. त्या चित्राकडे पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी आल्या वाटेनं शिरूरला परतलो आणि बायकोलाही तेच सांगितलं, सवय.

काही वर्षांनी लंडनहून त्या चित्राचा फोटो आला. मागे शमुवेलनं लिहिलं होतं, "लोक तुझ्या पुसलेल्या जागेपाशीच जास्त वेळ उभे राहतात." म्हणजे त्यातही कौतुक त्याचंच. फोटो अजून माझ्या कपाटात आहे. आज मला कुणी विचारलं तर खरं सांगेन. सवय असती तर मी सातही रेघा पुसायला घेतल्या असत्या. मी एकच निवडली होती, सगळ्यांत सरळ होती ती.