लाकडी सुरय

ती मावशीच्या चपलांच्या दुकानात बसायची, पण लक्ष सगळं नदीकडे. पाण्यावर झेपावून मासे पकडणारे सुरय पक्षी तिथल्या बेटावर अंडी घालायचे का थांबले, याचा तिला छडा लावायचा होता. नवख्या पक्षीरक्षकांना मदत करणाऱ्या एका संस्थेने तिला निधी दिला आणि प्रशिक्षणही. कुत्र्यांना अडवणारं कुंपण घालायचं आणि लाकडी पक्षी मांडून खऱ्यांना बोलवायचं, हे ती तिथे शिकली.

जेवणाच्या टेबलावर लाकडी सुरय मांडून ती रंगवायला बसली.

"अगं, ह्यांना बघून कोण येणार?" मावशी म्हणाली.

"एकट्याने उतरायला ते घाबरतात. सोबत दिसली की येतात म्हणे."

"म्हणे?"

"बघू या ना, मावशी!"

तिने बेटावर कुंपण घातलं, लाकडी पक्षी मांडले; पण पहिल्या हंगामात एकही सुरय फिरकला नाही. तिचा चेहरा पडला, पण प्रशिक्षकबाईंनी खटपट करून निधी वाढवून घेतला. पुढच्या हंगामात एक नर उतरला आणि तिला पटवायला चोचीतला मासा लाकडी मादीपुढे धरून ताटकळत राहिला. दुर्बिणीतून बघताना मावशीची हसून हसून पुरेवाट झाली.

"ह्याला कळत कसं नाही गं?"

तेच तर तिलाही जाणून घ्यायचं होतं. काही दिवसांनी खरी मादी आली, तिने मासा घेतला, आणि कुंपणाआड वाळूत अंडी दिसली.