सुमनताईंच्या सात बाटल्या

नाशिक रोडहून फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेतच होतो. सुमनताईंची मुलगी बोलत होती, "काका, आई गेली..." मी नुसतं "बरं" म्हणालो. बरं काय, बरं! तीन आठवडे झाले, त्या 'बरं'ची लाज अजून जात नाही.

सातपूरच्या आमच्या पशुखाद्याच्या कारखान्यात ताई आणि मी वीसेक वर्षं शेजारी बसलो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथे नवं यंत्र आलं. ढेपेवर, कोंड्यावर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकायचा, आणि परतलेल्या प्रकाशावरून प्रथिनं किती ते मिनिटात सांगायचं. ताईंना ॲसिडात उकळून तेच काढायला दिवस लागे. पण त्या प्रकाशाच्या वेड्यावाकड्या रेघा वाचायला सॉफ्टवेअर लागतं, आणि ते निवडायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलं. मी सही करीन ते येणार, त्याच्या आकड्यांवर गाईंचं खाद्य बनणार.

दोन सॉफ्टवेअर चाचणीला आली. एक रंगीत, देखणं. दुसरं रडकं, सारखं शंका काढणारं. ताईंनी तपासून दिलेले सगळे नमुने मी दोघांना शिकवले आणि तेच पुन्हा विचारले. देखण्याची उत्तरं तंतोतंत! मी लगेच पेढे आणले. ताईंनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही.

"अरे शहाण्या, पेपर फोडून दिलास, आणि पास झाला म्हणून पेढे वाटतोस?"

मी भडकलो. "तुमचं काम जाईल म्हणून तुम्हाला यंत्रच नकोय, ताई!" सगळ्यांसमोर बोललो मी हे.

त्यांनी कपाट उघडलं. आलेल्या मालातला थोडासा भाग घट्ट झाकणाच्या बाटलीत राखून ठेवायची त्यांची सवय. उत्तर वहीत, बाटलीवर फक्त चिठ्ठी, 'शिकवू नये'. सात बाटल्या मांडल्या.

"यात काय आहे?" मी विचारलं.

"तुझ्या सॉफ्टवेअरला विचार."

सहा बाटल्या दोघांनीही बऱ्यापैकी ओळखल्या. सातवीत पेठ तालुक्यातला नागलीचा, म्हणजे नाचणीचा, भुसा होता. देखण्याने छातीठोक सांगितलं, सरकीच्या ढेपेइतकी प्रथिनं! भुशात ती नावालाच असतात. रडक्यानेही आकडा चुकवला, पण खाली लाल ओळ टाकली: असा नमुना पाहिलेला नाही, भरवसा ठेवू नका. "हेच घे," ताई म्हणाल्या, "याला निदान आपल्याला काय येत नाही ते कळतं." मग पेढा खाल्ला. मी रडक्यावर सही केली, आणि तो निर्णय वर्षानुवर्षं खणखणीत ठरला. माफी मात्र राहिली. त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही...

गेल्या आठवड्यात नवं सॉफ्टवेअर विकायला एक गृहस्थ आले. पडद्यावर सगळं तंतोतंत जुळत होतं. मी उठून ताईंचं कपाट उघडलं. निवृत्तीच्या दिवशी भरून ठेवलेल्या सात बाटल्या, तेच अक्षर.

"यात काय आहे?" गृहस्थांनी विचारलं.

"तुमच्या सॉफ्टवेअरला विचारा." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "याच टेबलावर मी चुकलो होतो. ताई बरोबर होत्या."